आमच्यासारखे भाडेकरू

१

घर भाड्याने द्यायचं ठरलं की चांगली भली माणसंसुद्धा न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतात. या घरातही तेच झालं. वरचा मजला बांधून झाला, रंगाचा वास गेला, आणि रविवारमागून रविवार समोरच्या खोलीत भाडेकरू येऊन बसायला लागले. चहा व्हायचा, गोड बोलणं व्हायचं, आणि मंडळी फाटकाबाहेर गेली की निकाल लागायचा.

निकाल द्यायचा घरातला मुलगा. तो विमा कंपनीत होता. नुकसान कुठून येईल हे आधीच ओळखायचं, यासाठीच त्याला पगार मिळायचा. नर्सबाई आली, ती नको. वेळीअवेळी फाटक वाजवणार. लहान मूल असलेलं जोडपं नको. पोर डोक्यावर धावणार. दोन नोकरी करणाऱ्या मुली नकोत. आधी मैत्रिणी येणार, मग मित्र येणार. गाणं शिकवणारा मास्तर तर चहा संपायच्या आतच बाद झाला. एक एकटे आजोबा आले, स्वच्छ कपडे, हळू बोलणं. तेही नको.

"उद्या त्यांना काही झालं तर?" मुलगा म्हणाला.

"काही झालं तर म्हणजे? सरळ म्हण की, मेला तर," त्याची आई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाली. "आणि मी काय कोवळी आहे? मलाही काढ बाहेर."

"आई, तू मालकीण आहेस."

"हो का? मालकिणी मरत नाहीत वाटतं."

सूनबाईला हसू आलं, पण ती मध्ये पडली नाही. ती फिजिओथेरपिस्ट होती. मोडलेल्या, बदललेल्या, आखडलेल्या सांध्यांना पुन्हा चालायला शिकवण्यात तिचा दिवस जायचा. दवाखान्यातून दमून यायचं आणि पुन्हा हा बाजार, याचा तिला वीट आला होता. मनातून तिला ती नर्सबाई आवडली होती. पण त्यासाठी भांडायचं त्राण नव्हतं.

शेवटी एजंटबाईच वैतागल्या. "मॅडम, साहेब, माझ्या चपला झिजल्या. तुम्हाला नक्की हवं तरी कोण? एकदा सांगून टाका."

नवरा तोंड उघडणार, तेवढ्यात सूनबाईनेच विषय संपवला. "साधी माणसं बघा हो. आमच्यासारखी."

"तुमच्यासारखी?"

"अगदी आमच्यासारखी. म्हणजे कुणाला काही त्रास नाही."

एजंटबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "तशी बघते."

२

ती मंडळी आली तेव्हा दोघंही कामावर होती आणि सासूबाईंचा डोळा लागला होता. संध्याकाळी बघावं तर वरच्या खिडक्यांना पडदे.

"सामान चढवताना आवाज नाही आला?" सूनबाईने विचारलं.

"पिसं घेऊन आले असतील," सासूबाई म्हणाल्या.

करारावर सह्या एजंटबाईंच्या ऑफिसात झाल्या होत्या. नवरा जाऊन आला होता. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई, असं तिघांचं कुटुंब.

"माणूस कसा आहे?"

"चांगला आहे. म्हणजे, साधा आहे."

"दिसायला कसा आहे विचारतेय."

नवऱ्याने बूट काढता काढता विचार केला. एक बूट हातात तसाच राहिला. "अगं, दिसायला म्हणजे... असतो तसा चेहरा. तुला काय त्याचं लग्न लावायचंय?"

एवढ्यावर ते राहिलं. वरच्यांची भेट होण्याचा तसा प्रश्नही नव्हता. भाडेकरूंची ये-जा नजरेसमोरून नको, म्हणून वरच्या मजल्याचा जिना मागच्या बाजूने काढला होता. त्यामुळे वरच्या घराचं दार मागे आलं, खालच्या बोळाच्या टोकाला जे न्हाणीघर होतं, बरोबर त्याच्या डोक्यावर. बाकी वर आणि खाली खोल्या अगदी सारख्या. एकाच नकाशावर दोनदा पैसे कशाला घालवायचे, असं तेव्हा ठरलं होतं.

भाडं महिना सुरू झाला की परस्पर जमा व्हायचं. नळ गळतोय, खिडकी लागत नाही, असला एक फोन नाही. नवरा खूश होता. ऑफिसात चारचौघांना सांगायचा, "भाडेकरू शोधायला वेळ लावा, पण असा शोधा की घरात आहे की नाही कळू नये."

कळत होतं, पण ते आधी सासूबाईंना.

३

सासूबाईंचा डावा खुबा बदलला होता. रोज सकाळी आणि दुपारी, पलंगापासून बोळाच्या टोकापर्यंत आणि परत, असं काठी घेऊन चालायचं, हा सूनबाईचा हुकूम. ती घरी असली की शेजारून चालायची, हात न लावता, पण हात लागेल इतक्या जवळून.

"टाच आधी, आई. पाय ओढू नका."

"हेडमास्तरीण, माझ्या लग्नातही माझ्याकडे कुणी इतकं बघितलं नव्हतं."

बोळाच्या टोकाला न्हाणीघराचा उंच उंबरा होता. पाणी बोळात येऊ नये म्हणून पूर्वी बांधलेला. तो फोडून सपाट करायचं कधीपासून चाललं होतं. पण आधी वरचं काम काढलं, कारण वरून भाडं येणार होतं. खालचं काय, घरचंच आहे, करू सवडीने. त्या उंबऱ्याच्या अलीकडे सूनबाई सासूबाईंना वळवायची.

एका रविवारी दुपारी वळता वळता सासूबाई थांबल्या आणि त्यांनी काठीचं टोक वर केलं. "ऐक. माझी नक्कल करते ती."

वरून काठीचा आवाज आला. टक्. मग पाऊल. मग दुसरं पाऊल, जरासं फरफटत.

सूनबाईच्या अंगावर काटा आला नाही. तिला आधी वाटलं ते नवल, तेही धंद्यातलं. चाल म्हणजे तिच्या दृष्टीने सहीसारखी गोष्ट. डोळे मिटून तिला कळायचं की बोळात कोण पेशंट येतोय. आणि ही चाल तिने स्वतः घडवली होती. डावा पाय टेकायच्या आधी क्षणभर थांबण्याची ती छोटी खळ, भीतीची, जी किती सांगूनही जात नव्हती, तीसुद्धा वर होती.

त्यांचाही खुबा बदललेला असेल, तिने स्वतःला सांगितलं. शहरात अशा शेकडो म्हाताऱ्या असतात. एकच ऑपरेशन, एकच काठी, एकच भीती.

सासूबाईंना मात्र खेळणंच मिळालं. त्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली. टक् टक्. वरून लगेच उत्तर आलं. टक् टक्.

"अगं बाई!" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "वरची मला ओळखते!"

त्या दिवसापासून तिचं नाव 'वरची' पडलं. दोघं कामावर गेल्यावर दिवसभर भिंतींशी बोलणाऱ्या बाईला कुणीतरी सोबत मिळाली होती. वरचीची पावलं वाजली की त्या उठायच्या आणि तिच्याबरोबर चालायच्या. व्यायामाची टाळाटाळ बंद झाली. नवरा म्हणाला, बघ, शेजार चांगला मिळाला की असं असतं.

४

तरी सूनबाईने घर बांधणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केलाच. खालचा आवाज स्लॅबवर आपटून परत येत असेल का?

"मॅडम, माझा स्लॅब गळला तर मला धरा. तडा गेला तर मला धरा. पण स्लॅब चालत नाही."

मग तिने एकदा सासूबाईंना खुर्चीत बसवलं, काठी त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली, आणि स्वतः स्वयंपाकघराकडे गेली. डोक्यावरून पावलं स्वयंपाकघराकडे गेली. ती मध्येच थांबली. वरची पावलं थांबली. तिने उजव्या पायाची टाच फक्त उचलली आणि टेकवली, जसं पेशंटला दाखवताना करते तसं. वर टाच टेकली.

वर चालणारी ती बाईही डाव्यापेक्षा उजव्यावर जास्त भार देत होती. ही खोड तिची स्वतःची होती, कॉलेजात पाय मुरगळल्यापासूनची. तिच्याशिवाय ती कुणालाच माहीत नव्हती.

यालाही कारण सापडलं असतं. माणूस कारण शोधतो तेव्हा त्याला ते मिळतंच. पण मग क्रम बिघडला.

आधी ती सगळी पावलं एकाच वेळी पडायची. मग एका सकाळी वर स्वयंपाकघरात झाकण पडलं, खणखणत गोल फिरलं, थांबलं. आणि थोड्या वेळाने तिच्या हातातून झाकण सुटलं. दचकले म्हणून सुटलं, ती म्हणाली. मग वर खुर्ची ओढत ओढत खिडकीपाशी गेली, आणि दूध तापून खाली उतरवेपर्यंत नवऱ्याने तीच खुर्ची ओढत खिडकीपाशी नेली, दिवा बदलायला. त्याने वरचा आवाज ऐकला नव्हता. तो तेव्हा आंघोळ करत होता.

मग अंतर वाढत गेलं. सकाळचं वरचं दुपारी खाली व्हायचं. पुढे पुढे आज वर झालेलं उद्या, कधी परवा. वरून माणसांचा शब्द मात्र कधी आला नाही. बोलणं नाही, खोकला नाही, हसू नाही. त्या स्लॅबमधून फक्त पावलं यायची, काठी यायची आणि पडलेल्या वस्तू यायच्या.

"तक्रार काय आहे तुझी?" नवऱ्याने विचारलं. "भाडं वेळेवर. भांडण नाही. की ते चालतात, ही तक्रार आहे?"

"ते आपल्या आधी चालतात."

"मग त्यांनी काय आपली परवानगी काढून चालायचं?" तो हसला, पण तिचा चेहरा बघून थांबला. "हे बघ, घर आपलं सगळं आयुष्य आहे. त्यात हे असलं काही डोक्यात घेऊ नकोस. उद्या विकायची वेळ आली तर नुसत्या बोलण्याने घराची किंमत जाते."

एजंटबाईंनी तर फोनवर सरळ हात वर केले. "काढायचं म्हणता? कशावरून? नोटिशीत लिहायला काही कारण लागतं, मॅडम. आणि तुम्हीच मागितले होते ना असे?"

५

तो दिवस कामाचा होता, दुपारची वेळ. दवाखान्यात वीज नव्हती म्हणून सूनबाई लवकर घरी आलेली. सासूबाई जेवून झोपल्या होत्या, तोंड जरासं उघडं. ती पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून पेशंटच्या फाइली चाळत होती.

वर पावलं वाजली. तिची स्वतःची, उजव्यावर भार देणारी. सासूबाईंच्या खोलीच्या डोक्यावरून निघाली, बोळातून मागे गेली. दार उघडलं. मग पायऱ्या. पावलं वर चढत गेली, गच्चीकडे.

पुढचा बराच वेळ काहीच नाही.

मग वर पलंग करकरला. टक्. पाऊल. खळ. फरफट. काठी खोलीतून बोळात आली. आज ती घाईत होती, कुणीतरी पुढे चाललंय आणि गाठायचंय अशी. सूनबाई मान वर करून छताकडे बघत होती आणि तिच्या तोंडून आपोआप शब्द गेले, "हळू, आई."

काठी बोळाच्या टोकाला गेली. आणि मग तो आवाज आला. तो तिला माहीत होता. हाडामांसाचं ओझं लादीवर पडलं की कसा आवाज होतो, हे तिच्या धंद्यातल्या कुणाला सांगावं लागत नाही. त्यामागून काठी पडली, लोळत गेली, भिंतीला लागून थांबली. मग जिन्यावरून धावत उतरणारी पावलं. दाराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबलेली पावलं. नंतर काही नाही.

ती उठली होती. दारापर्यंत गेली होती. जिना चढायला किती वेळ लागणार होता? तिथे एक म्हातारी लादीवर पडली होती आणि तिला उचलायचं कसं, मान कशी धरायची, काय हलवायचं नाही, हे या गल्लीत तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं.

पण तिने मागे वळून पलंगाकडे पाहिलं. सासूबाई झोपेत ओठ हलवत होत्या. काठी उशाशी होती.

ती परत येऊन खुर्चीत बसली. ती बसून राहिली, संध्याकाळी नवरा येईपर्यंत. आणि तिचे हात मांडीवर नुसते पडून होते, काम नाकारलेले हात.

६

त्यानंतर वर काठी वाजली नाही, पाऊलही नाही.

सूनबाईने दवाखान्यातून रजा घेतली. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो चिडला नाही, त्यामुळे तिला जास्त भीती वाटली. "दमलीस तू," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी एजंटबाईंना फोन लावून वरच्यांची चौकशी केली. सगळं ठीक आहे, काही तक्रार नाही, असा निरोप आला. न्हाणीघराचा उंबरा फोडायला मिस्त्री मात्र पुढच्या आठवड्याशिवाय मोकळा नव्हता. तिने स्वतः हातोडी घेऊन ठोकून पाहिलं. टवका उडाला, तिच्या बोटाचं साल निघालं, उंबरा होता तिथेच राहिला.

दिवसभर ती सासूबाईंच्या खोलीत. न्हाणीघरात नेताना दोन्ही हातांनी धरून.

"मी काय चोर आहे का, असा पहारा ठेवायला?" सासूबाई करवादल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "ती गेली का गं कुठे?"

"कोण?"

"वरची. किती दिवस झाले, चालतच नाही." त्यांनी काठी दोनदा आपटली आणि वर पाहत वाट पाहिली. "रुसली असेल. की आजारी आहे? तू जाऊन बघून ये ना. तुझं कामच आहे ते."

सूनबाईने त्यांच्या पायांवर पांघरूण घातलं. तिच्या छातीत तेच सलत होतं. तिने ज्या माणसांना नाकारू दिलं, ती माणसं तिला हल्ली आठवायची. ती नर्सबाई वर असती तर? धावणारं पोर असतं तर, गाणारा मास्तर असता तर, घरात केवढा गोंगाट असता, आणि कुणी पडलं तर कुणीतरी ओरडलं असतं. इतक्या काळजीने निवडलेल्या घरात म्हातारी पडली आणि कुणाचा आवाज आला नाही.

रविवार आला. नवरा घरी होता. तो म्हणाला, "जा एकदाची. वर जा, बेल वाजव, त्या बाईंना बघ. म्हणजे डोक्यातून जाईल."

तिने आधी हिशोब केला. त्या दुपारी वर म्हातारीशिवाय एकाच माणसाची पावलं वाजली होती, बाईची. पुरुष नव्हता. म्हातारी एकटी होती. आज तसं नव्हतं.

"तू इथे बसशील? या खुर्चीत?"

"बसतो."

"उठायचं नाही."

"बरं, हेडमास्तरीण," तो म्हणाला, आणि सासूबाई खुदकन हसल्या.

७

मागचा जिना ती वरचं बांधकाम झाल्यापासून चढली नव्हती. वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. बेल वाजलीच नाही. "कुणी आहे का?" म्हणत तिने दार ढकललं, चपला बाहेर काढल्या आणि आत पाऊल टाकलं.

स्वच्छ होतं. भिंती रंगवल्यावर होत्या तशाच. बोळ तोच, उजेड तोच, दुपारचा, पिवळसर. ती बोळातून पुढे गेली आणि सासूबाईंच्या खोलीच्या, म्हणजे वरच्या त्याच खोलीच्या दारात थांबली.

खिडकीखाली पलंग. गादी गुंडाळून ठेवलेली. शेजारच्या खुर्चीत एक बाई पाठमोरी बसलेली, मांडीवर काठी आडवी. केस मानेवर तसेच बांधलेले, घाईत, दवाखान्यात जाताना बांधतात तसे. तिने पाय वर खुर्चीत घेतले होते.

"मी खालून आले," सूनबाई म्हणाली. "तुमच्याकडे कुणी पडलं का, ते बघायला..."

बाई वळली नाही. पण ती बोलली, आणि तो आवाज सूनबाईने फोनवर ऐकला होता, पेशंटसाठी सूचना रेकॉर्ड करून पुन्हा लावल्यावर जो आपला असून परका वाटतो, तो.

"मी पण वर बघायला गेले होते."

आणि पायाखालून आवाज आला. टक् टक्.

लादीतून तो तळव्यांना आधी कळला. टक् टक्. आनंदाने, अधीर होऊन. सासूबाईंना डोक्यावर पावलं ऐकू आली होती. इतक्या दिवसांनी वरची चालली होती.

नवरा होता तिथे. तो उठणार नव्हता. पण मग तिने खिडकीतून खाली पाहिलं. तो अंगणात उभा होता, फोन कानाला लावून, घरात रेंज येत नाही म्हणून. कुणाशी तरी हसून बोलत होता. एजंटबाईच असणार, करार वाढवायचं ठरलं होतं.

"आई, उठू नका!" ती ओरडली. तिने त्याचं नाव घेऊन हाक मारली. अंगणातल्या माणसाने मानसुद्धा हलवली नाही.

खाली पलंग करकरला.

८

ती वळून धावली. दोनच पावलं, आणि खाली काठी निघाली. टक्, पाऊल, खळ, फरफट. घाईत. तिच्या मागोमाग.

ती जागच्या जागी थिजली. काठीही थांबली.

तेव्हा तिला सगळं एकदम दिसलं, नकाशा समोर पसरावा तसं. दार बोळाच्या टोकाला. दाराखाली न्हाणीघर. न्हाणीघराला उंबरा. ती दाराकडे टाकेल ते प्रत्येक पाऊल खाली सासूबाईंना उंबऱ्याकडे नेणार होतं. जितकी धावेल तितक्या त्या धावतील. त्यांना वाटणार, वरची पुढे चालली.

तिने एक पाय हळूच पुढे टेकवला, चवड्यावर, मांजरासारखा. खाली लगेच टक्.

अंगणात नवऱ्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

ती रडत नव्हती. तिला आश्चर्य वाटलं ते एवढंच की हे काम तिला येत होतं. आयुष्यभर ती हेच करत आली होती. माणसाच्या शेजारून चालायचं आणि हात न लावता त्याला सांभाळून परत आणायचं. ती वळली. दाराकडे पाठ केली. टाच आधी टेकवत, संथ, जसं रोज शिकवायची तसं, खोलीत परत चालू लागली. खाली काठी घुटमळली. मग वळली. टक्. पाऊल. फरफट. पलंगाच्या दिशेने.

"शाबास," ती पुटपुटली. "टाच आधी."

ती खुर्चीपाशी आली तेव्हा बाई उठून बाजूला झाली होती. उठतानाचा आवाज झाला नव्हता. काठी तिने पलंगाला टेकवून ठेवली. सूनबाईने तिच्याकडे पाहायचं टाळलं, आणि तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून जे दिसलं ते पुरेसं होतं. बाईच्या तोंडावर कसलाच राग नव्हता. रिकाम्या पलंगापाशी फार दिवस बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसते ती भूक होती.

सूनबाई खुर्चीत बसली. खाली पलंग करकरला. सासूबाई बसल्या.

मग बाई बोळातून निघून गेली. तिच्या पावलांना या मजल्यावर आवाज नव्हता. बाहेर चपला पायात सरकवल्याचं कळलं, सूनबाईच्याच होत्या. पायऱ्या. अंगण. खिडकीतून दिसलं की नवरा फोन खाली करून तिच्याशी काही बोलला, हसला, आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.

सूनबाईने उठायला पाय जमिनीवर टेकवला. फक्त एक पाय. खाली तत्क्षणी काठी वाजली आणि पलंग हलला. तिने पाय उचलला. पलंग स्थिर झाला.

थोड्या वेळाने खालच्या स्वयंपाकघरात पावलं वाजली, उजव्यावर भार देणारी. तिथून ती सासूबाईंच्या खोलीत आली. पलंग करकरला, काठी टेकली, आणि दोघी चालायला निघाल्या; काठी, आणि तिच्या शेजारून, हात लागेल इतक्या जवळून, ती पावलं. उंबऱ्याच्या अलीकडे ती अचूक वळली.

सूनबाईने दोन्ही पाय वर खुर्चीत घेतले आणि गुडघ्यांभोवती हात घट्ट बांधले.